उतारवयातलं घर: आधी माणूस मोजा, मग घर

उतारवयात घर बदलताना फसगत होते ती बहुतेक वेळा घर पाहायला निघण्याआधीच. जी कामं घरी बसून करायची असतात ती राहून जातात आणि थेट घरं पाहणं सुरू होतं. मोठी गॅलरी, शांतता, समोरची झाडं पाहून मन बसतं. मग बाकीचं सगळं त्या घरात कसंबसं बसवायची धडपड चालते. वर्षभराने कळतं की संडासाच्या दारातून वॉकर आत जात नाही, लिफ्ट बंद पडली की बाहेर पडता येत नाही, आणि अनामत रक्कम परत मिळण्याचं कलम कुणी वाचलेलंच नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पाचवा टप्पा आधी केला तर दुसरा प्रामाणिकपणे होत नाही, कारण एखादं घर आवडून गेल्यावर माणूस स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही खरं बोलत नाही. लेख दोघांसाठी आहे: जे स्वतःसाठी घर शोधताहेत त्यांच्यासाठी, आणि जी मुलं आईवडिलांसाठी शोधताहेत त्यांच्यासाठी.

टप्पा १: वेळ ठरवा

सर्वांत वाईट निर्णय दोन प्रसंगी घेतले जातात. एक, हॉस्पिटलमधून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी. दोन, जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत.

पहिल्या प्रसंगी हातात दोन-तीन दिवस असतात, त्यामुळे जी जागा रिकामी असेल ती घेतली जाते. अशी वेळ आलीच तर कायमची जागा शोधू नका. ठरावीक मुदतीची सोय करा: काही आठवड्यांसाठी शुश्रूषेची जागा, किंवा घरी येणारी मदतनीस. हाडाच्या किंवा हृदयाच्या दुखण्यानंतर पहिल्या आठवड्यात माणूस जितका परावलंबी दिसतो तितका तीन महिन्यांनी बहुधा नसतो. त्या आठवड्यातल्या अवस्थेवरून कायमचं घर ठरवलं तर चुकीच्या प्रकारचं घर पदरात पडतं.

दुसऱ्या प्रसंगी शक्य असेल तर वर्षभर थांबा. एकटं राहवत नसेल तर काही महिने मुलांकडे किंवा भाड्याच्या जागेत राहा, पण जुनं घर विकू नका.

शोध सुरू करायची योग्य वेळ म्हणजे जिने अजून चढता येतात, सह्या स्वतः करता येतात आणि "नको" म्हणायची ताकद आहे ती. नीट शोध घ्यायला सहा महिने ते वर्ष लागतं. प्रतीक्षायादी मोठी असलेल्या ज्येष्ठांच्या चांगल्या निवासांत त्याहून जास्त काळ थांबावं लागतं, म्हणून नाव आधी नोंदवून ठेवणं शहाणपणाचं. नोंदणीची रक्कम परत मिळते की नाही, ते मात्र लेखी घ्या.

*इशारा:* ज्याला राहायचं आहे त्याला वगळून मुलांनी घर "फायनल" करू नये. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसालाही दोन पर्याय दाखवून निवड विचारता येते. न विचारता हलवलेला माणूस नव्या घरात पाहुण्यासारखा राहतो आणि परत जायची वाट बघत बसतो.

टप्पा २: माणूस मोजा

"अजून सगळं करतात हो" हे उत्तर चालणार नाही. एक वही घ्या आणि सात दिवस नोंद ठेवा.

आधी रोजच्या सहा मूलभूत गोष्टी: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. ही यादी १९६३ साली सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी मांडली आणि आजही वापरली जाते. प्रत्येकासमोर तीनपैकी एक लिहा: स्वतः, कुणी जवळ उभं राहिलं तर, हात लावावा लागतो. या सहांपैकी अंघोळ सहसा सगळ्यांत आधी सुटते आणि जेवण सगळ्यांत शेवटी. त्यामुळे अंघोळीसमोर "कुणी जवळ उभं राहिलं तर" लिहावं लागलं असेल, तर पुढची दिशा समजून घ्या.

मग घर चालवण्याच्या गोष्टी: फोन, खरेदी, स्वयंपाक, साफसफाई, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. यांत ढिलाई आधी दिसते, मूलभूत गोष्टींत नंतर. औषधांचं खरं चित्र बघायचं असेल तर विचारू नका, मोजा. महिन्याच्या सुरुवातीला किती गोळ्या होत्या आणि आज किती उरल्या, इतकं पुरतं.

चालण्याची एक सोपी चाचणी घरीच होते. हात असलेली खुर्ची ठेवा, तिच्यापासून ३ मीटरवर जमिनीवर खूण करा. रोजची पादत्राणं, असेल तर काठी. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. उठल्यापासून बसेपर्यंत १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात. चाचणीच्या वेळी शेजारी एक जण उभा हवा. सेकंदांइतकंच वळताना काय होतं ते पाहा: पाऊल अडखळतं का, हात भिंतीकडे जातो का.

याशिवाय लिहून ठेवा: रात्री किती वेळा उठावं लागतं, गेल्या वर्षात किती वेळा तोल गेला (न पडता सावरलं तेही धरा), उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, कोणते आजार वाढत जाणारे आहेत. डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा: "हा आजार पाच वर्षांनी कोणत्या हालचाली हिरावून घेईल?" सांधेदुखी, पार्किन्सन्स, मोतीबिंदू, हृदयविकार यांची उत्तरं वेगवेगळी येतात आणि घरही त्यानुसार वेगळं लागतं. पार्किन्सन्सच्या माणसाला अरुंद दार आणि अचानक येणारं वळण अडवतं, हृदयविकाराच्या माणसाला चढ अडवतो.

*तपासणी:* जोडपं असेल तर वही दोघांची वेगळी. घर निवडायचं ते जास्त अशक्त असलेल्याच्या वहीवरून. आणि एक पान असं लिहा की धडधाकट असलेला जोडीदार पंधरा दिवस आजारी पडला तर काय होईल. बऱ्याच जोडप्यांत एकाच्या डोळ्यांवर आणि दुसऱ्याच्या पायांवर संसार चाललेला असतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हे पान लिहायचंच.

टप्पा ३: घराचा प्रकार ठरवा

आता वही समोर ठेवून खालच्या पर्यायांतून एक किंवा दोन निवडा. एकाच वेळी पाचही प्रकारची जागा बघत फिरलात तर तुलना होतच नाही.

राहतं घर सुधारून तिथेच राहणं हा पर्याय सर्वांत आधी तपासा. बाथरूम, दारं, उजेड आणि एक झोपायची खोली तळमजल्यावर आणणं एवढ्याने भागत असेल तर पुढची यातायात वाचते. पण घरात शिरतानाच पंधरा-वीस पायऱ्या असतील आणि लिफ्ट बसवता येत नसेल, तर आतल्या सुधारणांवर पैसे घालू नका.

लहान, एका पातळीवरचं स्वतंत्र घर: मूलभूत सहाही गोष्टी स्वतः होत असतील तर.

मुलांच्या जवळ, पण वेगळं घर: "जवळ" म्हणजे किती ते ठरवा. रात्री फोन आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल इतकं. चाळीस मिनिटांवरचं घर रविवारी भेटायला जवळ आहे, पडल्यावर उचलायला लांब. मुलांची नोकरी बदलून ती दुसरीकडे गेली तर त्या जागी राहण्यात अर्थ उरेल का, हेही आत्ताच बोला.

ज्येष्ठांची वसाहत, जिथे घर स्वतंत्र पण दुरुस्ती, सुरक्षा, जेवण या सेवा सामायिक: घर चालवण्याच्या यादीतल्या तीन-चार गोष्टी सुटल्या असतील तर.

मदतीसह निवास: मूलभूत सहांपैकी एक-दोन गोष्टींना हात लावावा लागत असेल तर. आणि पूर्ण शुश्रूषेचं निवास: उठणं-बसणं आणि संडास या दोन्हींना रोज मदत लागत असेल, किंवा रात्रीही कुणी जागं हवं असेल तर.

*नेहमीची चूक:* सुट्टीत आवडलेल्या गावात कायमचं जाणं. तिथे आपण धडधाकट असताना, चांगल्या हवेत, आठवडाभर राहिलेलो असतो. ओळखीचा डॉक्टर, औषधवाला, हाकेला येणारा शेजारी हे सगळं तिथे शून्यापासून उभारावं लागतं, आणि सत्तरीनंतर नव्या ओळखी व्हायला वेळ लागतो.

टप्पा ४: पैशाचं गणित

हिशेब वयाच्या ९५ वर्षांपर्यंत मांडा. अतिरेक वाटेल, पण पैसा आयुष्याआधी संपला तर उतरायला खालची पायरी नसते.

मासिक खर्च तीन रकान्यांत लिहा: आजचा, एका माणसाची अर्धवेळ मदत धरून, आणि पूर्णवेळ मदत धरून. तिसरा रकाना किमान दोन-तीन वर्षं पेलता आला पाहिजे. मग एक जण मागे राहिल्यावर काय ते तपासा: निवृत्तिवेतन निम्मं होतं का, बंद होतं का? खर्च मात्र निम्मा होत नाही.

मासिक शुल्क दरवर्षी किती वाढतं हा आकडा सुरुवातीच्या रकमेहून महत्त्वाचा आहे. वर्षाला ५ टक्के वाढ असेल तर शुल्क सुमारे १४ वर्षांत दुप्पट होतं, ७ टक्क्यांनी १० वर्षांत, १० टक्क्यांनी ७ वर्षांतच. सत्तराव्या वर्षी परवडणारी जागा ऐंशीला परवडेल का, ते या एका ओळीवरून कळतं.

*इशारा:* नव्या घरासाठी पैसे उभे करताना सगळी शिल्लक अनामत रकमेत अडकवू नका. आणि "तुमची काळजी आम्ही घेऊच" या भरवशावर घर हयातीतच दुसऱ्याच्या नावावर करू नका, तो दुसरा कितीही जवळचा असला तरी. आपल्या माघारी काय व्हावं ते मृत्युपत्रात लिहिता येतं.

टप्पा ५: परिसर पायी पाहा

गाडीतून पाहिलेला परिसर पाहिल्यात धरू नका. दारापासून औषधाचं दुकान, किराणा, बाग आणि वाहनाचा थांबा इथपर्यंत चालत जा, ज्येष्ठाच्या चालीने, हातात दोन-तीन किलोची पिशवी घेऊन. वाटेत टेकायला जागा किती? पदपथ सलग आहे की दर पन्नास पावलांवर खाली उतरून पुन्हा चढावं लागतं? चढ आहे का? येताना उतार लागला असेल तर परतताना तोच चढ लागणार.

रस्ता ओलांडणं वेगळं तपासा. अनेक ठिकाणी पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालीवर बेतलेली असते. १० मीटर रुंद रस्त्याला त्या चालीने साधारण ८ सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला साडेबारा लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा तो अजून रस्त्यातच असतो. मधे थांबायला दुभाजकावर जागा नसेल तर त्या रस्त्यापलीकडची दुकानं आपल्यासाठी नाहीतच असं धरा.

हॉस्पिटलचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. सर्वांत गर्दीच्या वेळी गाडीने प्रत्यक्ष जाऊन मिनिटं मोजा. तिथे चोवीस तास तातडीचा विभाग आहे का, हेही दारावरच्या पाटीवर न जाता आत जाऊन विचारा.

तीन वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहानंतर, आणि पाऊस किंवा कडक ऊन असताना.

टप्पा ६: घर मोजा

आता टेप, वही, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष वॉकर घेऊन निघा. दलालाने सांगितलेली मापं लिहून घेऊ नका, स्वतः मोजा.

*प्रवेश.* रस्त्यापासून पलंगापर्यंत प्रत्येक पायरी आणि उंबरठा मोजा. एक पायरी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण व्हीलचेअरला १:१२ चा उतार लागतो. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांब उतार, तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर. तेवढी जागा पुढे आहे का? आतले उंबरठे सव्वा सेंटिमीटरहून उंच नकोत. व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकांना आणि पाय घासत चालणाऱ्याला तेवढाही अडथळा पुरतो.

*लिफ्ट.* दार किमान ८० सेंटिमीटर. आतली जागा १.१ बाय १.४ मीटर असेल तर व्हीलचेअर आणि मदतनीस मावतात, पण आडवं स्ट्रेचर न्यायला सुमारे २.१ मीटर खोल जागा लागते. लिफ्ट एकच असेल तर ती गेल्या वर्षात किती दिवस बंद होती ते वरच्या मजल्यावरच्यांना विचारा. वीज गेल्यावर ती चालते का ते दाखवायला सांगा.

*दारं.* चौकटीची रुंदी लिहून घेणं ही नेहमीची चूक. दार ९० अंशांत उघडून, फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. ती मोकळी जागा किमान ८० सेंटिमीटर हवी, ९० असेल तर उत्तम. फळीची जाडी आणि बिजागऱ्या मिळून चार-पाच सेंटिमीटर खातात, आणि तेवढ्यावरच व्हीलचेअर अडते. वळण्यासाठी झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये १.५ मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं बसतंय का, ते खडूने आखून पाहा.

*जिना* टाळता येत नसेल तर पायऱ्यांची उंची १५ ते १७ सेंटिमीटर, पाऊल ठेवायची खोली २८ ते ३० सेंटिमीटर, आणि सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या हव्यात. एखादी पायरी दीड-दोन सेंटिमीटरने वेगळी असली की तिथे पाऊल हमखास चुकतं, कारण पायाला आधीच्या पायरीची सवय झालेली असते. कठडा दोन्ही बाजूंना हवा: लकवा किंवा खांद्याचं दुखणं एका बाजूचा हात घेऊन जातं, आणि चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो. शेवटच्या पायरीपुढे तो ३० सेंटिमीटर आणखी जायला हवा.

*बाथरूम.* इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. घर बाकी कितीही चांगलं असो, बाथरूम सुधारता येत नसेल तर ते घर सोडा.

दार आत उघडत असेल तर माणूस आत पडल्यावर त्याचंच अंग दाराला आडवं येतं आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि कडी बाहेरून उघडता येणारी. कमोडच्या बैठकीची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि उठताना पुढे झेपावं लागता कामा नये. बुटक्या माणसाला उंच कमोडही त्रासाचाच, म्हणून ज्याच्यासाठी आहे त्याला बसवून बघा.

आधाराचे दांडे जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटरवर, जाडी ३ ते ४ सेंटिमीटर, भिंतीपासून सुमारे ४ सेंटिमीटर सुटे. अंतर जास्त ठेवलं तर हात घसरून कोपरापर्यंत मागे अडकतो. दांड्याला १०० किलोहून अधिक ओढ सहन झाली पाहिजे, कारण पडताना माणूस सगळं वजन झटक्याने टाकतो. म्हणून भिंत पोकळ आहे की भरीव ते बोटाने वाजवून पाहा. पोकळ पत्र्याच्या किंवा बोर्डाच्या भिंतीत मागे लाकूड किंवा लोखंड घालावं लागतं. रबरी चकतीने चिकटणारे दांडे आणि टॉवेलची नळी यांवर भिस्त ठेवू नका. टॉवेलची नळी धरली जातेच, म्हणून तिच्याही जागी दांडाच लावा.

अंघोळीची जागा उंबऱ्याविना, पाणी एका बाजूला वाहून जाईल अशा हलक्या उताराची. फरशी कोरडी असताना नव्हे, साबणाचं पाणी ओतून पायाने तपासा. बसून अंघोळ करायला पक्की खुर्ची मावली पाहिजे, आणि नळ त्या खुर्चीवरून हाताला आला पाहिजे. नळाला येणारं गरम पाणी ४९ अंश सेल्सिअसच्या वर नको. ६० अंशांच्या पाण्याने म्हातारी, पातळ झालेली त्वचा काही सेकंदांत भाजते, आणि मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर चटका कळतही नाही.

मदत बोलावण्याची दोरी असेल तर तिचं टोक जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटरपर्यंत आलं पाहिजे. दोरी लोंबते म्हणून वर गुंडाळून ठेवलेली ठिकठिकाणी दिसते. पडलेल्या माणसाला ती मिळत नाही, आणि जमिनीवर तास-दोन तास पडून राहण्याने होणारी हानी कधी कधी पडण्याच्या इजेहून मोठी असते.

*उजेड.* साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना मंद वाटतो. मात्र गुळगुळीत फरशीवर चमकणारा तीव्र दिवाही नको, ती चमक ओल्या जागेसारखी दिसते. पलंगावरून हात लांबवून लागेल असं बटण, आणि पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवे. तेवढी वाट एकाच पातळीवर, गालिच्याविना असावी. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड कमी दिसणाऱ्याला कळत नाही. बैठकीचं झाकण गडद रंगाचं करा, काम भागतं.

*तपासणी:* दिवे घालवून, पलंगाच्या जागेवर आडवे होऊन, उठून संडासापर्यंत जा. किती पावलं, किती वळणं, धरायला काय काय मिळालं, ते लिहा. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्याला ही वाट वर्षाकाठी हजारएक वेळा चालायची आहे.

टप्पा ७: निवासात जाऊन काय बघायचं

ज्येष्ठांची वसाहत किंवा मदतीसह निवास निवडत असाल तर पहिली भेट ठरवून, दुसरी न सांगता, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी. कर्मचारी सर्वांत कमी असतात ती हीच वेळ.

आत गेल्यावर स्वागतकक्षाच्या सजावटीकडे बघू नका. लोक दिवसाच्या कपड्यांत आहेत का, पाणी हाताशी आहे का, केस विंचरलेले आहेत का, ते पाहा. कर्मचारी रहिवाशाशी बोलताना नावाने हाक मारतात का, खाली वाकून डोळ्यात बघून बोलतात का? लघवीचा वास एका खोलीत येणं समजू शकतं, पण तो सगळ्या मार्गिकेत भरलेला असेल तर माणसं अपुरी आहेत.

परवानगी घेऊन मदतीची घंटा दाबा आणि घड्याळ बघा. कोण येतं, किती वेळाने येतं?

मग विचारा, आणि उत्तरं लेखी मागा. रात्री किती रहिवाशांमागे किती माणसं जागी असतात? परिचारिका प्रत्यक्ष हजर असते की फोनवर? औषधं कोण देतं, आणि दिल्याची नोंद दाखवाल का? कर्मचारी किती वर्षांपासून आहेत? माणसं सारखी बदलत असतील तर कुणालाच रहिवाशाची सवय माहीत नसते. शेवटी एखाद्या रहिवाशाशी, व्यवस्थापक जवळ नसताना, दहा मिनिटं बोला. "बरं आहे ना?" असं विचारू नका. "काल रात्री कुणाला बोलवावं लागलं का, मग काय झालं?" असं विचारा.

टप्पा ८: करार

करार घरी आणा, किमान आठवडाभर ठेवा, आणि निवासाशी संबंध नसलेल्या वकिलाला दाखवा. "आजच सही केलीत तर सवलत" असं सांगितलं तर उठून या.

पहिला प्रश्न: आपण नेमकं काय विकत घेतोय? मालकी, ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा, की हयातभर राहायचा फक्त हक्क? तिन्हींची जाहिरात सारखीच दिसते. हयातभराच्या हक्कात वारसांना घर मिळत नाही.

दुसरा: बाहेर कसं पडायचं? अनामत रकमेतून काय कापलं जातं, उरलेली किती दिवसांत मिळते? "जागा पुन्हा दुसऱ्याला दिली गेल्यावर" असं लिहिलेलं असेल तर कमाल मुदत घालून घ्या, नाहीतर ते दिवस मोजता येत नाहीत.

तिसरा, आणि लोक सर्वाधिक चुकतात तो: निवास आपल्याला कधी बाहेर काढू शकतं? स्मृतिभ्रंश झाला, अंथरुणाला खिळलो, रात्री ओरडलो, पैसे संपले, तर? कित्येक ठिकाणी "स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच" असं एक छोटं कलम असतं. म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त गरज असते नेमकं तेव्हा जागा शोधावी लागते. जोडप्यांनी एकाला हलवावं लागलं तर दुसऱ्याचं काय, आणि एक गेल्यावर शुल्क किती, तेही पाहावं. हॉस्पिटलात असतानाचे दिवस पूर्ण शुल्काने धरतात की कमी, हे लहान वाटतं पण लांबलेल्या आजारपणात जड जातं.

टप्पा ९: राहून बघा

दोन ते चार आठवडे, भाड्याने किंवा निवासाच्या पाहुण्यांच्या खोलीत. शक्यतो वर्षातल्या सर्वांत त्रासाच्या ऋतूत. पहिल्या आठवड्याचं मत धरू नका: काहींना सगळंच नवं म्हणून आवडतं, काहींना सगळंच परकं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात पाहा. झोप कशी आहे, जेवण जातंय का, दिवसातून किती जणांशी बोलणं होतं, दुपारी काय करतात. तोपर्यंत जुनं घर जसंच्या तसं राहू द्या.

टप्पा १०: सामान आणि पहिले आठवडे

हलण्याच्या तीन महिने आधी सुरुवात करा, आणि ज्या खोलीत आठवणी कमी आहेत तिथून: माळा, भांडार, बाथरूमचं कपाट. फोटो आणि पत्रं शेवटी. पहिल्याच दिवशी फोटोंची पेटी उघडली तर काम तिथेच थांबतं.

नव्या घराचा नकाशा कागदावर १ मीटरला ५ सेंटिमीटर या प्रमाणात काढा. फर्निचरचे तुकडे त्याच प्रमाणात कापून वर ठेवा. पलंगाच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. जे मावत नाही ते नेऊ नका. "नेऊ तर खरं, मग बघू" म्हणून नेलेली कपाटं चालायची वाट अडवून बसतात.

हलण्याच्या दिवशी एक पिशवी स्वतःच्या हातात: आठवड्याची औषधं, औषधांची लेखी यादी, चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या, कवळी, चार्जर, डॉक्टरांचे कागद. ज्येष्ठ माणूस पोचण्याआधी झोपायची खोली लावून तयार ठेवा. पलंगाची उतरायची बाजू जुन्या घरात होती तीच, उशाचा दिवा तोच, घड्याळ त्याच बाजूला. रात्री अर्धवट झोपेत शरीर जुन्याच घरात असल्यासारखं वळतं आणि नव्या भिंतीवर आदळतं.

पहिले सहा आठवडे गोंधळ, चिडचिड, परत जायची भाषा हे सगळं होतं. स्मृतिभ्रंश असेल तर जास्त होतं. त्या काळात औषधं बदलणं, कर्मचारी बदलणं, पाहुण्यांची रीघ लावणं टाळा. भेटायला रोज थोडा वेळ, ठरलेल्या वेळी जा.

सहा आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यातली वही काढा. खुर्चीपासून ३ मीटरची खूण करा, घड्याळ लावा. सेकंद वाढले असतील तर डॉक्टरांना दाखवा, कमी झाले असतील तर नव्या घरात चालणं होतंय. जुन्या घराच्या विक्रीचे कागद ही दुसरी चाचणी झाल्यावर काढा.